आज आईने ओट्याला हात लावायचा नाही

धड न्याहारी नाही, धड जेवण नाही,
अशा अडनिड्या वेळी बोलावलंय सगळ्यांना.
साडेदहा. कारण नऊला माझ्या बायकोची रात्रपाळी संपते
आणि बारा वाजता रेइनो आजोबांचा डोळा लागतो.

मे महिना. गॅरेजमागे बर्फाचा एक ढीग अजून उभा,
काळवंडलेला, निघायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखा.
सरोवरावरचा वारा थेट बाहीत शिरतो.
अंगणातल्या टेबलावरचा कागद चार विटांनी दाबलाय,
आणि माणसं सगळी घरात.

खुर्च्या चर्चच्या तळघरातून आणल्यात,
प्रत्येकीच्या पाठीवर रंगवलेला आकडा.
सतरा नंबरची डुगडुगते. तिच्यावर मी.

नियम एकच:
आज आईने ओट्याला हात लावायचा नाही.

सव्वीस वर्षं तिने शाळेच्या कँटीनमध्ये
चारशे पोरांचे बटाटे कुस्करले,
आणि रात्री, भांडी झाल्यावर, ओल्याच हातांनी
खडकांची पुस्तकं उघडली.
पानं फुगलेली आहेत सगळी.
एका हिवाळ्यात एक विषय, फार तर दोन. अकरा हिवाळे.
चौपन्नाव्या वर्षी भूगर्भशास्त्राची पदवी.
काल व्यासपीठावरून तिचं नाव चुकीचं पुकारलं.
आइलीचं आयलीन केलं.
ती तशीच गेली,
जणू त्या आयलीनच्या वतीने कागद घ्यायला आली होती.

लेम्पी मावशींनी वेलदोड्याचा पाव आणलाय,
दाणे जेमतेम कुटलेले, दाताखाली येतात.
शेजारच्या ओर्विलने धुरावलेला मासा, वर्तमानपत्रात, डोक्यासकट.
माझ्याकडे पानुकाक्कू: अंडी, दूध, लोणी,
भट्टीत टोपीसारखं फुगतं म्हणे.
फुगलंही. मी कौतुकाने दार उघडलं
आणि ते सगळ्यांसमोर बसलं.
आई खुर्चीतून अर्धी उठली.
'बस,' आम्ही पाच जण एकदम ओरडलो.
ती बसली. पण तिचे हात
मांडीवर काहीतरी मळत राहिले.

आजोबांनी कानातलं यंत्र नीट केलं.
'आता या पदवीचं करणार काय तू?'
प्रश्न वाईट नव्हता, आवाज मोठा होता.
काट्या-चमच्यांची वाजावाज थांबली.

आईने उत्तर दिलं नाही.
मागच्या दाराशी गेली, वाकली,
आणि दार अडवायला ठेवलेला तो दगड उचलून आणला,
माझ्या जन्माआधीपासून तिथेच असलेला,
ज्याला ठेचकाळून मी दोनदा नख गमावलंय.
नॅपकिनने पुसला. आजोबांच्या बशीशेजारी ठेवला.
'एकशे दहा कोटी वर्षं,' ती म्हणाली.
'हे लाव्हाचे बुडबुडे. हे हिरवं नंतर भरलेलं.
आणि हा लाल ठिपका, बाबा, तांबं.'

आजोबा बघत राहिले.
चौतीस वर्षं खाणीत खाली गेलेला माणूस,
ती बंद झाली तेव्हा
डबा आणि कंदील घेऊन चालत घरी आलेला.
'हा मीच आणला होता वर,' ते म्हणाले.
'शेवटच्या दिवशी. डब्यात, पावाच्या जागी.
तुझ्या आईला वाटलं, मी काहीतरी खायचं उरवलंय.'

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.
ओर्विलच्या नातवाने विचारलं, चाटून बघू का?
आईने बघू दिलं.

बाराला आजोबा खुर्चीतच झोपले,
नऊ नंबरच्या, एक हात दगडावर.
आम्ही खुर्च्या घडी केल्या, त्यांची सोडून.
लेम्पी मावशींनी उरलेला पाव परत बांधला,
मग विचार बदलून इथेच ठेवला.
स्वयंपाकघरातून पाण्याचा आवाज आला.
डोक्यावर कालची चौकोनी टोपी, गोंडा कानाशी झुलतोय,
आई माझा करपलेला तवा घासत होती.
मी नियमाची आठवण दिली.

'बसलेलं पानुकाक्कू,' ती मागे न वळता म्हणाली,
'तळाशी जास्त चांगलं लागतं. तुम्ही सोडलंत.'